चुकांची कदर करणारा संपादक

ख्रिस्तोफर मार्लो याच्या 'डॉक्टर फॉस्टस' या नाटकाच्या दोन आवृत्त्या माझ्या कपाटात शेजारी-शेजारी उभ्या आहेत. दोन्ही एकाच नाटकाच्या, एकाच नाटककाराच्या नावाने छापलेल्या. तरीही पहिल्याच प्रवेशात त्यांच्यात असा एक फरक आहे की, तो प्रथम लक्षात आला तेव्हा आपल्याच वाचण्यात काही घोटाळा झाला असावा असे मला वाटले. फॉस्टस आपल्या अभ्यासिकेत बसून एकेक विद्या हाती घेतो आणि तिचा शेवट कुठे होतो ते पाहून ती बाजूला टाकतो. ॲरिस्टॉटलच्या तर्कशास्त्राचा निरोप घेऊन तो वैद्यकाकडे वळतो आणि गॅलन या प्राचीन वैद्याला बोलावतो, त्या ओळीत एका आवृत्तीतला फॉस्टस 'इकॉनॉमी'चा, म्हणजे गृहव्यवस्थेच्या शास्त्राचा, निरोप घेतो. दुसऱ्या आवृत्तीतला फॉस्टस मात्र 'ऑन काइ मे ऑन' या ग्रीक शब्दांचा, म्हणजे 'असणे आणि नसणे' या तत्त्वज्ञानातल्या आद्य प्रश्नाचाच निरोप घेतो. एवढ्या एका शब्दाने माणूस बदलतो. पहिला फॉस्टस विषयांची यादी संपवणारा विद्यार्थी वाटतो, तर दुसरा अस्तित्वाच्या प्रश्नाला कंटाळून सैतानाच्या दिशेने निघालेला पंडित.

मार्लोने काय लिहिले होते, हे सांगणारे त्याच्या हातचे हस्तलिखित उपलब्ध नाही. तो 1593 मध्ये मारला गेला आणि नाटक प्रथम छापले गेले ते 1604 मध्ये. त्या छपाईची एकच प्रत आज शिल्लक असून ती ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. तिच्यात या जागी जो शब्द आहे तो कोणत्याही भाषेतला नाही. 'ऑनकेमिऑन' असे काहीतरी वाचता येईल अशी अक्षरांची एक सलग माळ तिथे छापलेली आहे. त्याच संहितेच्या 1611 च्या छपाईत कोणातरी जाणत्या माणसाने ही निरर्थक माळ काढून तिथे 'इकॉनॉमी' हा अर्थपूर्ण शब्द बसवला, आणि 1616 मध्ये निघालेल्या मोठ्या, बऱ्याच बदललेल्या आवृत्तीतही तोच राहिला. पुढे 1885 मध्ये ए. एच. बुलन या संपादकाच्या लक्षात आले की, ती निरर्थक माळ म्हणजे रोमन लिपीत लिहिलेले ग्रीक शब्द आहेत. ग्रीक न येणाऱ्या कोण्या लेखनिकाने किंवा छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याने जे दिसले किंवा ऐकू आले ते जमेल तसे उतरवले होते, आणि अर्थ कळत नसल्यामुळे त्याने त्यात सुधारणा केली नव्हती. मार्लोचा शब्द त्याच्या अज्ञानाने राखला. तो घालवला तो शहाण्या दुरुस्तीने.

हे सारे आठवण्याचे कारण असे की, गेले काही महिने मी वॉल्टर विल्सन ग्रेग या संपादकाचे लेखन जमेल तसे वाचत आहे. प्रामाणिक चूक ही हुशार दुरुस्तीपेक्षा मोलाची असते, या एका जाणिवेवर त्यांनी साठ वर्षे काम केले, असे माझे मत बनले आहे. ग्रेग यांचा जन्म 1875 मध्ये विम्बल्डनला झाला. त्यांचे आजोबा, म्हणजे आईचे वडील जेम्स विल्सन, हे 'द इकॉनॉमिस्ट' या साप्ताहिकाचे संस्थापक होते आणि मुलाने मोठेपणी त्या साप्ताहिकाची सूत्रे हाती घ्यावीत अशी घरच्यांची अपेक्षा होती. (इकॉनॉमीचा निरोप घेणारा आणखी एक जण, असे म्हणण्याचा मोह मला आवरत नाही.) केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात त्यांची गाठ रोनाल्ड मॅकेरो या सहाध्यायाशी पडली, आणि जुन्या इंग्रजी नाटकांचे संपादन किती ढिसाळपणे झाले आहे याविषयीच्या त्या दोघांच्या बोलण्यातून पुढच्या अर्धशतकाच्या पाठचिकित्सेची, म्हणजे मूळ मजकूर कोणता हे ठरवण्याच्या शास्त्राची, दिशा ठरली. 1907 ते 1913 या काळात ग्रेग ट्रिनिटीचे ग्रंथपाल होते. ते सोडले तर त्यांनी अशी नोकरी केली नाही. घरची सुस्थिती होती, म्हणून हे साधले. विद्यापीठातल्या खुर्चीवाचून हा माणूस इतके काम करू शकला याचे कौतुक करताना ही बाजूही ध्यानात ठेवलेली बरी.

त्यांच्या पहिल्या मोठ्या कामाचा विषय काव्य किंवा नाटक नव्हते, तर एक जमाखर्चाची वही होती. फिलिप हेन्स्लो हा लंडनमधला सावकार, गहाणवटीचा धंदा करणारा आणि 1587 मध्ये 'रोज' हे नाट्यगृह उभारणारा गृहस्थ. त्याच्या भावाने पूर्वी लाकूडतोड आणि लोखंडाच्या भट्टीच्या हिशेबांसाठी वापरलेली एक वही त्याने उलटी केली आणि 1592 पासून तिच्यात नाट्यगृहाचे हिशेब लिहायला सुरुवात केली. कोणत्या दिवशी कोणते नाटक झाले, आपल्या वाट्याला किती पैसे आले, कोणत्या लेखकाला किती आगाऊ रक्कम दिली, कोणाचा झगा गहाण पडला, हे सगळे त्यात आहे, तेही अशा शुद्धलेखनात की नाटकांची नावे ओळखायलाही वाचकाला थांबावे लागते. 30 सप्टेंबर 1594 च्या नोंदीत फॉस्टसच्या प्रयोगाचे 3 पौंड 12 शिलिंग जमा आहेत आणि फॉस्टसचे नाव 'फॉस्टोज' असे काहीतरी झाले आहे. त्या काळातल्या रंगभूमीच्या रोजच्या व्यवहाराविषयी आज जे ठामपणे सांगता येते त्याचा फार मोठा भाग या एका वहीवर उभा आहे. ही वही हेन्स्लोचा जावई, त्याच्या पत्नीच्या आधीच्या लग्नातल्या मुलीचा नवरा असलेला प्रसिद्ध नट एडवर्ड ॲलन याच्याकडून त्याने स्थापन केलेल्या डलिच कॉलेजच्या संग्रहात आली आणि म्हणूनच वाचली.

ग्रेग यांच्याआधी, 1845 मध्ये, जॉन पेन कोलियर यांनी ही वही संपादून छापली होती. कोलियर हे त्या काळचे दांडगे अभ्यासक. पण जिथे पुरावा नव्हता तिथे तो निर्माण करण्याची खोड त्यांना होती आणि पुढे दुसऱ्या एका प्रकरणात ती उघडकीस आली. हेन्स्लोच्या वहीतल्या मोकळ्या जागांत जुन्या वळणाच्या अक्षरांत काही नव्या नोंदी घुसडल्या गेल्या होत्या, आणि बहुतेक अभ्यासक त्याचा ठपका कोलियर यांच्यावरच ठेवतात. त्यांतली एक नोंद 20 डिसेंबर 1597 ची आहे. फॉस्टसमध्ये भर घातल्याबद्दल डेकर या नाटककाराला वीस शिलिंग आणि मार्लोच्या 'टॅम्बरलेन'साठी नांदीवजा भाषण लिहून दिल्याबद्दल आणखी पाच शिलिंग दिले, असे ती सांगते. हा बनाव किती विचारपूर्वक रचला आहे पाहा. हेन्स्लोचे वेडेवाकडे शुद्धलेखन त्यात आहे, रक्कम विश्वास बसावा अशी आहे, आणि 'टॅम्बरलेन' मार्लोचेच आहे याला हवा असलेला बाह्य पुरावाही तिने आयता पुरवला आहे. डलिचच्या हस्तलिखितांची सूची करणारे जॉर्ज वॉर्नर यांनी 1881 मध्ये अशा नोंदींकडे बोट दाखवले होते. ग्रेग यांनी 1904 मध्ये वहीची संहिता आणि 1908 मध्ये तिच्यावरचे भाष्य असे दोन खंड काढले, तेव्हा त्यांनी खऱ्या-खोट्याची ही छाननी पूर्ण केली आणि संशयास्पद नोंदी वेगळ्या काढून दाखवल्या. मधल्या वर्षी, 1907 मध्ये, डलिचमधली इतर कागदपत्रेही त्यांनी छापली. मोघम अंदाजावर भागवण्याऐवजी एकेक ओळ शाईसह, अक्षराच्या वळणासह आणि पानावरच्या तिच्या जागेसह तपासण्याची शिस्त त्यांच्या अंगी मुरली ती इथेच, असे मला वाटते.

याच वहीत 22 नोव्हेंबर 1602 ची एक नोंद आहे आणि ती अस्सल आहे. 'फॉस्टस'मध्ये भर घातल्याबद्दल विल्यम बर्ड आणि सॅम्युअल रोली यांना 4 पौंड दिल्याची ती नोंद. तिच्याकडे मला शेवटी परत यायचे आहे.

1906 मध्ये मलोन सोसायटीची स्थापना झाली आणि ग्रेग तिचे प्रमुख संपादक झाले. हे काम त्यांनी 1939 पर्यंत सांभाळले आणि नंतर मृत्यूपर्यंत, म्हणजे 1959 पर्यंत, ते तिचे अध्यक्ष होते. सोसायटीचा उद्देश साधा होता. जुनी इंग्रजी नाटके जशी छापली गेली किंवा लिहिली गेली तशीच पुन्हा छापायची. शुद्धलेखन बदलायचे नाही, विरामचिन्हे घालायची नाहीत, उघडउघड चुकीचे अक्षरही जागच्या जागी ठेवायचे, आणि शंकास्पद पाठांची यादी प्रस्तावनेत वेगळी द्यायची. बाहेरून पाहणाऱ्याला हे यांत्रिक काम वाटते, आणि खरे सांगायचे तर या पुस्तकांतले एखादे घेऊन बसलो तेव्हा पहिल्या चार पानांत मलाही तसेच वाटले. पण उलटे पडलेले अक्षर दिसताच ते सरळ करण्याची जी ओढ हाताला असते ती रोखणे किती कठीण असते, हे ज्याने एकदा तरी जुना मजकूर उतरवून काढला आहे त्याला ठाऊक असते. आपण वाचतो तेव्हा डोळा अक्षरे पाहत नसतो, तो अर्थ पाहत असतो; आणि अर्थ पाहणारा डोळा चुका गिळून टाकतो. ग्रंथशास्त्रज्ञाच्या दृष्टीने कागदावरची अक्षरे ही केवळ खुणा असतात, त्यांच्या अर्थाशी त्याला कर्तव्य नसते, अशा आशयाचे एक बरेच टोकाचे विधान ग्रेग यांनी 1932 मध्ये केले होते, आणि त्यावरून त्यांना रुक्ष ठरवणारेही निघाले. ते विधान अर्थावर प्रेम करणाऱ्या माणसाने स्वतःला घालून घेतलेले पथ्य आहे, अशी माझी समजूत आहे. ज्यांना ते रुक्ष वाटतात त्यांनी त्यांचा 1917 चा 'हॅम्लेट'वरचा लेख पाहावा. राजाच्या डोळ्यांदेखत विषप्रयोगाचे मूकनाट्य होते आणि तो ढिम्म हलत नाही, यावर बोट ठेवून भुताने सांगितलेली कथा हा हॅम्लेटच्याच मनाचा भास असल्याचा तर्क त्यात त्यांनी मांडला. आगगाडीच्या प्रवासात तो लेख वाचून जॉन डोव्हर विल्सन इतके अस्वस्थ झाले की, त्याला उत्तर देण्याच्या नादात त्यांचे पुढचे सारे आयुष्य शेक्सपिअरमय झाले.

1908 सालची त्यांची एक कामगिरी मात्र अर्थाकडे पाठ फिरवण्याचे फळ आहे हे मान्य करावे लागते. शेक्सपिअरच्या, आणि शेक्सपिअरच्या नावावर खपवलेल्या, दहा नाटकांच्या छोट्या आकाराच्या क्वार्टो छपाया एकत्र बांधलेल्या सापडत. त्यांतल्या काहींच्या शीर्षकपानांवर 1600 हे साल होते, काहींवर 1608, काहींवर 1619. ग्रंथशास्त्रज्ञ ए. डब्ल्यू. पोलार्ड यांना या गठ्ठ्याविषयी कुतूहल होते. ग्रेग यांनी त्यातला मजकूर बाजूला ठेवला आणि पाने उजेडासमोर धरून कागदातली जलचिन्हे पाहिली. वेगवेगळ्या गिरण्यांचे सरमिसळ झालेले कागद या पुस्तकांत वापरले होते आणि तीच सरमिसळ वेगवेगळी साले छापलेल्या पुस्तकांत पुन्हा पुन्हा दिसत होती. 1600 मध्ये वापरलेला असा मिश्र गठ्ठा छापखान्यात एकोणीस वर्षे पडून राहतो आणि पुन्हा तशाच मिसळीने वापरला जातो, हे कोणालाही पटण्यासारखे नव्हते. निष्कर्ष उघड होता. सगळी पुस्तके 1619 मध्येच, प्रकाशक टॉमस पेव्हिअर याच्यासाठी, विल्यम जॅगर्ड याच्या छापखान्यात छापली गेली होती आणि काहींवरची साले खोटी होती. दोन वर्षांनी विल्यम नायडिग यांनी शीर्षकपानांची छायाचित्रे एकमेकांशी ताडून दाखवले की, खोट्या सालांच्या आणि खऱ्या सालांच्या पानांवर तेच जुळवलेले खिळे काही ठिकाणी तसेच ठेवून वापरले होते. त्यामुळे 'मर्चंट ऑफ व्हेनिस'ची जी छपाई काही संपादक आद्य म्हणून धरत होते ती आद्य नव्हतीच, आणि तिच्यावर बेतलेल्या पाठांना नव्याने पाया शोधावा लागला. शीर्षकपानावर खोटे लिहिणाऱ्याने कागदाचा विचार केला नव्हता.

'सर टॉमस मोर' या नाटकाच्या हस्तलिखिताचे संपादन त्यांनी 1911 मध्ये मलोन सोसायटीसाठी केले. तेव्हा ब्रिटिश म्युझियममध्ये असलेले आणि आता ब्रिटिश लायब्ररीत असलेले हे हस्तलिखित म्हणजे अनेक हातांनी खाडाखोड केलेले, ठिगळे लावलेले, सेन्सॉरच्या शेऱ्यांनी भरलेले प्रकरण आहे. राजदरबारातर्फे नाटके तपासणारा अधिकारी एडमंड टिल्नी याने दंग्याचा प्रसंग आणि दंग्याचे कारण संपूर्ण गाळून टाकावे, असा आदेश त्यावर लिहिला आहे. ग्रेग यांनी काय केले, तर कोणता हात कोणाचा याच्या चर्चेत शिरण्याआधी त्या हातांना फक्त अक्षरे दिली. मूळ नक्कल करणारा एस, आणि भर घालणारे ए, बी, सी, डी, ई. त्यांतला डी हा हात शेक्सपिअरचा असावा अशी कल्पना 1871 मध्येच पुढे आली होती आणि तीन पानांचा तो मजकूर, परक्यांना हाकलून द्या म्हणणाऱ्या जमावासमोर मोरने केलेले भाषण, इतका सुंदर आहे की तसे म्हणण्याचा मोह कोणालाही व्हावा. ग्रेग यांनी त्या हाताला डी म्हणून ठेवले आणि पुढचे भांडण पुढच्यांसाठी सोडले. 1916 मध्ये एडवर्ड माँड टॉम्प्सन यांनी अक्षराच्या आधारे शेक्सपिअरचे नाव घेतले, 1923 मध्ये पोलार्ड यांच्या पुढाकाराने निघालेल्या ग्रंथात ग्रेग यांच्यासह पाच जणांनी वेगवेगळ्या अंगांनी त्याची तपासणी केली, आणि आज बहुसंख्य अभ्यासक तो हात शेक्सपिअरचा मानतात. पण वादात उतरलेला प्रत्येक जण, बाजू कोणतीही असो, ग्रेग यांनी दिलेल्या अक्षरांतच बोलतो. नाव न देता नुसती ओळख करून देण्याचा हा संयम मला त्यांच्या कोणत्याही निष्कर्षापेक्षा मोठा वाटतो.

छापील नाटकांच्या मागे जाऊन मध्ययुगीन धर्मनाट्यांकडे वळले की चुकांचा प्रश्न निराळ्या रूपात समोर येतो. चेस्टर शहरातले कारागीर संघ सृष्टीच्या निर्मितीपासून अंतिम न्यायापर्यंतची चोवीस नाटके करीत. शेवटचा प्रयोग 1575 मध्ये झाला आणि या नाट्यमालेची पाच जवळजवळ पूर्ण हस्तलिखिते आज आहेत ती मात्र 1591 ते 1607 या काळातली, म्हणजे प्रयोग बंद पडल्यानंतर नकलून ठेवलेली. त्यांच्यापेक्षा सुमारे शतकभर जुनी अशी एकाच नाटकाची, 'अँटिख्राइस्ट'ची, एक सुटी पोथी आहे. कोणती नक्कल कोणत्या नकलेवरून झाली हे ठरवायचे कसे? ग्रेग यांनी 1927 मध्ये 'कॅल्क्युलस ऑफ व्हेरिअंट्स' या छोट्या पुस्तकात या प्रश्नाची जवळजवळ बीजगणिती मांडणी केली, आणि 1935 मध्ये 'अँटिख्राइस्ट'च्या आवृत्तीत प्रत्यक्ष पोथ्यांवर ती चालवून पाहिली. मुळातली कल्पना जुनीच आहे. दोन प्रतींत एकच बरोबर पाठ असला तर त्यावरून त्यांचे नाते सिद्ध होत नाही, कारण बरोबर पाठ दोघींना मुळापासून मिळालेला असू शकतो. नाते सिद्ध होते ते दोघींत तीच चूक असेल तर. ग्रेग यांनी पुढचे पाऊल टाकले. पाठभेदांवरून प्रतींचे गट पाडता येतात, पण कोणता गट मुळाच्या जवळ आहे हे त्या गटवारीतून आपोआप कळत नाही. त्यासाठी कोणता पाठ चुकीचा आहे, हे अर्थाच्या आणि भाषेच्या ज्ञानाने ठरवावेच लागते. म्हणजे गणित जिथपर्यंत नेते तिथपर्यंत गणित, आणि तिथून पुढे माणसाचा विवेक. हे पुस्तक मी दोनदा वाचायला घेतले आणि दोन्ही वेळा मध्यावर, चिन्हांच्या जंगलात, माझी वाट चुकली. तरी त्याची सुरुवातीची पाने मला तर्काच्या स्वच्छतेसाठी पुन्हा पुन्हा वाचावीशी वाटतात. ही पद्धत सगळीकडे लागू पडत नाही हेही खरे. 'पिअर्स प्लाउमन'सारख्या पन्नासांहून अधिक हस्तलिखितांतून आलेल्या काव्यात नकलाकारांनी एकमेकांच्या प्रती पाहून पाठ उचलले आहेत, आणि तिथे जॉर्ज केन यांना 1960 मध्ये वंशावळीचा नाद सोडून ओळीओळीला निर्णय घ्यावा लागला.

ग्रेग यांचे सर्वांत गाजलेले लेखन म्हणजे 'द रॅशनल ऑफ कॉपी-टेक्स्ट' हा अवघ्या काही पानांचा निबंध. 1949 मध्ये तो वाचला गेला आणि लगेच पुढे 'स्टडीज इन बिब्लिऑग्राफी'च्या तिसऱ्या खंडात छापला गेला. त्याचा विषय असा की, एकाच कृतीच्या दोन-तीन जुन्या छपाया असतील तर संपादकाने कोणती आधारप्रत धरावी. 'कॉपी-टेक्स्ट' हा शब्द त्यांच्या मित्राचा, मॅकेरो यांचा. प्रचलित उत्तर असे होते की, जी प्रत सर्वांत अधिकृत ती निवडावी आणि मग शेवटपर्यंत तिच्याच मागे जावे. ग्रेग यांनी प्रश्नाचे दोन तुकडे केले. शब्द ही एक गोष्ट. शुद्धलेखन, विरामचिन्हे, मोठी-लहान अक्षरे ही दुसरी. जुळारी शब्द सहसा मुद्दाम बदलत नाही, पण शुद्धलेखन आणि विरामचिन्हे मात्र तो आपल्या सवयीने सर्रास बदलतो. त्यामुळे प्रत्येक पुनर्मुद्रणात लेखकाच्या लेखनवळणाचा थोडा अंश झिजतो. म्हणून लेखनवळणासाठी मुळाच्या सर्वांत जवळची प्रत धरावी. पण पुढच्या छपाईत लेखकाने स्वतः शब्द सुधारले असतील तर ते एकेक पारखून तिच्यात घ्यावेत. एकदा आधारप्रत निवडली की विचार करणे थांबवायचे, या वृत्तीला त्यांनी आधारप्रतीची जुलूमशाही म्हटले. अमेरिकी ग्रंथशास्त्रज्ञ फ्रेडसन बॉवर्स यांनी हे तत्त्व पुढे अगदी एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकी कादंबऱ्यांपर्यंत नेले. तिथे ते कितपत बसते याबद्दल मला शंका आहे, कारण ज्या लेखकाने मुद्रिते स्वतः तपासली त्याच्या विरामचिन्हांना केवळ झीज म्हणणे अवघड आहे. पण तो दोष ग्रेग यांच्या पदरात घालता येणार नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर होते ते सोळाव्या-सतराव्या शतकातले लंडनचे छापखाने.

आता पुन्हा फॉस्टस. 1604 ची संहिता सुमारे पंधराशे ओळींची, 1616 ची सुमारे एकवीसशे. कोणती खरी? ग्रेग यांनी 1910 मध्येच शेक्सपिअरच्या 'मेरी वाइव्ह्ज ऑफ विंडसर'च्या 1602 च्या तोकड्या छपाईबद्दल एक तर्क मांडला होता. खाणावळीचा मालक रंगमंचावर असतो तेव्हा तिथला मजकूर चांगला असतो आणि तो नसतो तेव्हा ढासळतो, म्हणून ती भूमिका करणाऱ्या नटानेच आठवणीतून सगळे नाटक सांगितले असावे. नटाच्या आठवणीतून रचलेल्या संहितेची ही कल्पना पुढे इतकी फोफावली की, प्रत्येक तोकड्या छपाईला तीच मात्रा लागू होऊ लागली. 1996 मध्ये लॉरी मग्वायर यांनी अशा एकेचाळीस संहिता पुन्हा तपासल्या तेव्हा त्यांतल्या फारच थोड्या त्या कसोटीला उतरल्या. ग्रेग यांनी 1604 चा 'फॉस्टस'ही असाच आठवणीतून रचलेला, बिघडलेला मानला आणि 1616 च्या मोठ्या संहितेला मूळ हस्तलिखिताचा आधार आहे असे ठरवले. बर्ड आणि रोली यांना ज्या भरीबद्दल 4 पौंड मिळाले ती भर, त्यांच्या मते, दोन्हींपैकी कुठल्याच छपाईत उरलेली नाही.

आज बहुतेक संपादक नेमके उलटे मानतात. 1604 ची संहिता लेखकांच्या मूळ कागदांना जवळची, आणि 1616 मधली बरीच वाढ 1602 च्या त्या भरीतून आलेली, असे डेव्हिड बेव्हिंग्टन आणि एरिक रास्मुसेन यांनी 1993 च्या आवृत्तीत मांडले आणि दोन्ही संहिता स्वतंत्रपणे छापल्या. म्हणजे ज्या नाटकातल्या एका शब्दावरून मी सुरुवात केली त्याच्याच बाबतीत, साठ वर्षे प्रामाणिक चुकांची बाजू घेणारा हा संपादक नंतरच्या सफाईदार प्रतीकडे झुकला. याचे मला प्रथम वाईट वाटले. पण 1950 मध्ये, ज्या वर्षी त्यांना सर हा किताब मिळाला त्याच वर्षी, त्यांनी 'फॉस्टस'ची दोन पुस्तके काढली, एक नव्हे. आपल्याला मूळ नाटक कसे असावे असे वाटते ते त्यांनी एका छोट्या पुस्तकात, अनुमानाने केलेली पुनर्रचना असे मुखपृष्ठावरच स्पष्ट सांगून छापले. दुसऱ्या जाड ग्रंथात मात्र 1604 आणि 1616 च्या संहिता समोरासमोरच्या पानांवर, मूळ शुद्धलेखनासह, एकमेकींना भिडवून ठेवल्या, आणि 1616 च्या छापखान्यात 1611 ची छापील प्रत काही ठिकाणी हाताशी होती हे दाखवणारा पुरावाही त्यांनीच तिथे मांडला. 1616 ची संहिता जिथे 1604 च्या घराण्याच्या छपाईवर अवलंबून आहे तिथे तिला स्वतंत्र साक्षीदार मानता येत नाही, हा विरुद्ध बाजूचा मुद्दा त्याच पुराव्यातून निघतो. ग्रेग यांच्या निर्णयाविरुद्ध लिहिणारे पुढचे संपादक त्यांच्याच या ग्रंथातली पाने उघडून बसले, आणि बर्ड व रोली यांनी त्या 4 पौंडांत नेमक्या कोणत्या ओळी लिहिल्या याचा वाद आजही, हेन्स्लोच्या वहीतल्या त्या नोंदीचा आणि या समोरासमोरच्या पानांचा आधार घेत, चालूच आहे.